परमिट आम्हाला, बेसमेंट त्यांना!



मागल्या बैठकीत आपल्या मंडळाने एक ठराव जवळजवळ एकमताने मंजूर केला. 'जवळजवळ' हा शब्द माझ्यामुळे घालावा लागला, म्हणून खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. ठराव असा : दांडिया बाजार आणि रावपुरा भागात ज्या गल्ल्या हॉस्पिटलांना लागून आहेत, तिथल्या रहिवाशांना कॉर्पोरेशनने मोफत पार्किंग परमिट द्यावे आणि 'बाहेरच्या' गाड्यांना चोवीस तास सक्त मनाई करावी. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितल्यावर सगळ्यांचे हात वर गेले, माझा गेला नाही. चहाच्या वेळी तिघाचौघांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, तुम्ही तर त्याच गल्लीत राहता. आईच्या वेळी काय झाले ते विसरलात का?"

विसरलो नाही, आणि म्हणूनच हात वर केला नाही. ज्यांना तो प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास आईला घरात चक्कर आली, घाम फुटला आणि बोलणे अडखळायला लागले. मी बँकेत कॅश काउंटरवर होतो. सौभाग्यवतीने १०८ ला फोन केला. गाडी आली, वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. आत शिरायला वाटच नव्हती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, दोघेतिघे धावले, पण ज्यांच्या गाड्या होत्या ते जागेवर नव्हते. शेवटी पोळीतली दोन मुले आणि भाजीची लारी लावणारा भाई, अशा तिघांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले आणि खुर्ची उचलून नेली. एका ठिकाणी दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून खुर्ची निघेना, तेव्हा ती बॉनेटच्या वरून उचलावी लागली. बाहात्तर वर्षांची बाई, भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत! विशेष म्हणजे हॉस्पिटल आमच्या घरापासून फार तर दीडशे पावलांवर आहे. डॉक्टरांनी आईला वाचवले, त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. डावा हात मात्र अजून पूर्ण उचलत नाही.

त्या संध्याकाळी परत आल्यावर, खुर्ची जिथे अडकली होती ती जागा मी मुद्दाम पाहिली. डाव्या बाजूला जीजे-३४ पासिंगची, म्हणजे छोटा उदेपूरकडची ईको उभी होती. कुणीतरी पेशंट घेऊन आले असावे. तासाभराने ती निघून गेली. उजव्या बाजूला चंदेरी कव्हर घातलेली एक मोठी गाडी होती. ती दिवाळीपासून तिथेच होती आणि हे लिहीत असतानाही तिथेच आहे. ती आमच्याच पोळीतल्या एका ज्येष्ठ सभासदांची दुसरी गाडी आहे. परवाच्या ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिले. अप्पा, राग मानू नका, पण हे कुणीतरी बोलायला हवे होते.

वहीतला हिशोब

मी कॉमर्सचा पदवीधर, पेशाने क्लार्क. आमचा विश्वास भाषणापेक्षा वहीवर जास्त. म्हणून एका रजेच्या दिवशी ओटल्यावर वही घेऊन बसलो आणि आमच्या गल्लीतल्या चारचाकी गाड्यांची नोंद केली. दोन्ही बाजू मिळून गल्लीत चोवीस गाड्या कशाबशा मावतात. सकाळी सात वाजता पंधरा होत्या, सगळ्या रहिवाशांच्या. अकरा वाजता पूर्ण चोवीस. त्यांपैकी आपल्या अकरा, पेशंटांच्या नातेवाइकांच्या पाच, आणि उरलेल्या आठ? त्या हॉस्पिटलमध्ये कामाला येणाऱ्यांच्या. काचेवर लाल चिन्ह असलेल्या, सकाळी नऊला लागणाऱ्या आणि संध्याकाळी सातला हलणाऱ्या. पेशंटवाल्यांच्या पाच जागांवर दिवसभरात गाड्या तीनतीनदा बदलल्या. "पांच मिनिट काका, पेशन्ट छे," म्हणून सांगून जायचे आणि पाच मिनिटांचा तास व्हायचा, हे खरे. पण जायचे. त्या आठ गाड्या आणि आपल्यापैकी काहींच्या कव्हर घातलेल्या गाड्या मात्र इंचभरही हलल्या नाहीत.

आता आपला ठराव या वहीला लावून पाहा. 'बाहेरच्यांना मनाई' झाली तर कोण जाणार? त्या आठ जणांना आठ दिवसांत 'अत्यावश्यक सेवा' म्हणून खास पास मिळतील. बडोद्यात इतकी वर्षे राहून हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या अकरा गाड्यांना परमिट आहेच. म्हणजे गल्लीतून बाहेर पडणार त्या फक्त पाच गाड्या, ज्यांच्यात कुणाची तरी आई होती, कुणाचे तरी तापाने फणफणलेले पोर होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय!

आणि त्या पाच जागा रिकाम्या राहतील असे वाटते का? मोफत परमिट मिळतेय म्हटल्यावर आज एक गाडी असलेला उद्या दुसरी घेईल. आईची खुर्ची पुढच्या वेळीही बॉनेटवरूनच न्यावी लागेल, फरक इतकाच की ते बॉनेट परमिटवाले असेल.

'बाहेरचे' म्हणजे कोण?

ठरावातला हा शब्द मला सर्वांत जास्त टोचला. आपण कोण? आपले पणजोबा-खापरपणजोबा गायकवाडी दौलतीत चाकरीला आले, इथेच घरे बांधली, इथेच राहिले. सयाजीराव महाराजांच्या काळात शाळेत शिकवले, कचेरीत लिहिले, आखाड्यात घुमले. तरीसुद्धा आज एखाद्या भाषणात कुणी आपल्याला 'बाहेरचे' म्हटले की आपल्या मस्तकाची शीर उठते, आणि ती उठावी हे योग्यच आहे. याच पत्रिकेच्या पानांवर त्यावर किती लेख आले! बेळगावच्या आपल्या बांधवांना विचारा, आपल्याच गावात 'बाहेरचे' ठरणे म्हणजे काय असते ते. मग तोच शब्द आपण छोटा उदेपूर, दाहोद, अलीराजपूरकडून आजारी माणूस घेऊन आलेल्या आदिवासी कुटुंबाला लावायचा? आयुष्मान कार्ड छातीशी धरून, गावातल्या कुणाची तरी गाडी भाड्याने ठरवून, ते लोक इथे मजा मारायला येत नाहीत.

आणि 'बाहेरच्यां'त आपले स्वतःचे लोक नाहीत असे समजू नका. नंदुरबारकडून उपचाराला येणारे आपले मामा-मावशी कुठे उतरतात? आपल्याकडेच ना? त्यांची गाडी कुठे लागते? लग्नमुंज, श्राद्धपक्ष, गणपती या निमित्ताने आपल्याकडे येणारी माणसे कुठली? चोवीस तासांची मनाई झाली तर दंडाची पहिली पावती त्यांच्याच काचेवर लागेल.

वेरा भरतो, म्हणून रस्ता आमचा?

बैठकीत एक मुद्दा तीनतीनदा आला : आम्ही कॉर्पोरेशनचा वेरा भरतो, गाडी घेताना रोड टॅक्स भरला, मग घरासमोर गाडी लावण्याचा हक्क आमचा. ऐकायला बरे वाटते, हिशोबात बसत नाही. गाडीचा टॅक्स राज्य सरकारला जातो, आणि तो गाडी रस्त्यावर चालवण्याचा असतो, रस्त्यावर ठेवण्याचे ते भाडे नव्हे. वेरा घराचा असतो. घराच्या उंबऱ्यापुढची जमीन वेरा पावतीत कुठे लिहिली आहे ते मला दाखवा. मी सगळ्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, मला तरी सापडले नाही.

मी काही वर्षे आमच्या शाखेत लॉकर सांभाळले आहेत. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाले, तेव्हा सगळ्या जुन्या लॉकरधारकांकडून स्टँप पेपरवर नव्याने करार करून घ्यावे लागले. लोक कुरकुरले, पण आले, सह्या केल्या, वर्षाचे भाडे भरले. हातभर लांबीची लोखंडी पेटी, तिच्यासाठी दरवर्षी पैसे, आणि एक चावी बँकेकडे. कुणी म्हणाले नाही की माझे खाते आहे म्हणून लॉकर फुकट द्या. आता मोटार पाहा. एका गाडीला उभे राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. दांडिया बाजारात १३५ फुटांची दुकानाची गाळी भाड्याने घ्यायला जा, मग कळेल. ही जागा आपल्याला वर्षभर फुकट हवी, आणि वर तिच्यावर आपले नाव हवे!

हे मी मनाचे सांगत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातच म्हटले आहे की पार्किंगची जी फी घ्यायची ती व्यापलेल्या जमिनीच्या मोलाला धरून असावी. बंगळूरच्या पार्किंग धोरणाला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात रहिवाशांच्या परमिटची सोय आहे, पण मोफत नाही. लहान गाडीला वर्षाला हजार रुपये आणि मोठीला पाच हजारांपर्यंत, असा दर ठरला. पुण्यात २०१८ साली महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केले, लगेच 'आमच्याच दारात आम्हीच पैसे का भरायचे' म्हणून ओरड झाली. मग पाच रस्त्यांवर प्रयोग करू असे ठरले, आणि तोही रखडला. पुण्याच्या गल्ल्यांची आज काय अवस्था आहे, ते सुट्टीत जाऊन आलेल्यांना मी सांगायला नको.

अमेरिकेचा दाखला

एका तरुण सभासदाने सांगितले की त्याचा भाऊ अमेरिकेत असतो, तिकडे रहिवाशांना परमिट असते आणि सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केले आहे. बरोबर आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीचा तो खटला, १९७७ सालचा. पण तो पूर्ण वाचावा. शेजारी मोठे व्यापारी संकुल उभे राहिले, तिथे कामाला येणारे लोक सकाळी आठपासून घरांच्या गल्ल्यांत गाड्या लावायला लागले. काउंटीने त्यांना कामाच्या दिवशी आठ ते पाच या वेळात बंदी केली. रहिवाशांना परमिट दिलेच, पण रहिवाशांकडे कामानिमित्त येणाऱ्यांना आणि पाहुण्यांनाही सोय ठेवली. कोर्टाने म्हटले, यात समानतेच्या तत्त्वाचा भंग नाही.

म्हणजे तिथे रोखले कुणाला? दिवसभर गाडी लावून कामावर जाणाऱ्याला. माझ्या वहीतल्या त्या आठ गाड्या! आपण मात्र बरोबर उलटे करायला निघालो आहोत. आणि ब्रिटनमध्ये पाहाल तर वेल्स आणि स्कॉटलंडच्या सरकारांनी २००८ साली सरकारी रुग्णालयांमधली पार्किंग फीच बहुतेक ठिकाणी रद्द केली, कारण आजारी माणसाकडून आणि त्याला भेटायला येणाऱ्याकडून पैसे घेणे त्यांना पटेना. परदेशाचा दाखला द्यायचा असेल तर पुरता द्यावा.

बेसमेंट कुठे गेले?

आता मुख्य मुद्दा. आईचे बिल भरायला मी हॉस्पिटलच्या तळघरात उतरलो. तिथे बिलाची खिडकी, पलीकडे पॅथॉलॉजी, औषधांचे दुकान, खुर्च्यांच्या चार रांगा आणि एसी. छान व्यवस्था आहे. नंबर यायला वेळ होता म्हणून इकडेतिकडे पाहत बसलो. खांबांवर काळ्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्या दिसल्या. एका खांबावर 'पी-७' असे अजून वाचता येते. ज्या उतारावरून मी चालत खाली आलो त्याला पायऱ्या नव्हत्या, नुसता उतार होता आणि त्यावर आडव्या खाचा होत्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी पार्किंगमध्ये बसलो होतो!

बंधूंनो, कुठलेही हॉस्पिटल बांधायचे तर नकाशात पार्किंग दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. मग इमारत पूर्ण होते, वापर परवानगी मिळते आणि काही महिन्यांत गाड्यांच्या जागी काउंटर येतात. त्या तळघरातली जागा उत्पन्न देते. तिथे उभ्या राहायच्या गाड्या मात्र बाहेर आपल्या गल्लीत येतात. नफा त्यांच्या खात्यात जमा आणि खर्च आपल्या खात्यात नावे. बँकेत एखाद्याने असे व्हाउचर केले तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील.

आमच्याच गल्लीतले हे हॉस्पिटल तेवढे वाईट आहे असे नाही. ज्या ज्या शहरात जुन्या वस्तीत मोठी हॉस्पिटले झाली तिथे हेच चित्र आहे. कोचिंग क्लास, बँका (हो, बँकासुद्धा!), शोरूम, सगळ्यांनी तळघरे खाल्ली. त्याचे काय होते ते दिल्लीत जुलै २०२४ मध्ये दिसले. राजेंद्रनगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी भरले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. ते तळघर पार्किंग आणि सामान ठेवण्यासाठी मंजूर होते, चालत होती तिथे लायब्ररी.

आपल्या गुजरातेत उच्च न्यायालयाने २०१९ साली मॉलवाल्यांना सांगितले होते की नियमाप्रमाणे जे पार्किंग ठेवणे तुम्हाला बंधनकारक आहे त्याचे पैसे येणाऱ्यांकडून घेता येणार नाहीत. त्यातला विचार लक्षात घ्या. नकाशातले पार्किंग ही मालकाची मेहेरबानी नव्हे, इमारतीत येणाऱ्या माणसाची ती सोय आहे. पैसे घेणेही जिथे चालत नाही, तिथे अख्खे पार्किंगच गिळून टाकणे कसे चालते? पण त्याच गुजरातेत २०२२ साली विनापरवाना बांधकाम फी भरून नियमित करून घेण्याचा कायदा झाला. पार्किंगची उणीवही काही अटींवर, काही प्रमाणात, पैसे भरून नियमित करण्याची तरतूद त्यात होती. इम्पॅक्ट फी म्हणतात तिला. फी कॉर्पोरेशनला मिळते, इम्पॅक्ट मात्र आपल्या गल्लीवर होतो!

आणि हा प्रश्न नुसता सोयीचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अहमदाबादेत एका कोविड रुग्णालयाला आग लागून आठ रुग्ण गेले. मे २०२१ मध्ये भरूचला अशाच आगीत अठरा जीव गेले. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादेतच एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात आग लागली आणि शंभरावर रुग्णांना हलवावे लागले. त्या आगी गल्लीतल्या गाड्यांमुळे लागल्या नव्हत्या, तसे माझे म्हणणे नाही. पण उद्या आपल्या भागात तसे काही झाले तर बंब कुठून शिरणार, एवढे सांगा. जिथून प्लॅस्टिकची खुर्ची जात नाही तिथून?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की परमिटची मागणी पुढे करून आपण खऱ्या कर्जदाराला सोडून जामीनदाराच्या मागे लागलो आहोत. परमिट मिळाले की कॉर्पोरेशन म्हणेल, झाले तुमचे समाधान. नगरसेवक बोर्ड लावून फोटो काढतील. रहिवासी आणि पेशंटचे नातेवाईक रोज काठीच्या अंतरावर भांडत बसतील, आणि ज्याने जागा गिळली तो वरच्या मजल्यावर निवांत राहील. आपले भांडण लागले की तिसऱ्याचे फावते, हे मराठी माणसाला इतिहासाने पुरेसे शिकवले आहे.

मग मागायचे काय?

नुसती टीका करून भागत नाही, म्हणून पर्याय मांडतो.

पहिली गोष्ट, आधी बेसमेंट, मग परमिट. आपल्या भागातल्या प्रत्येक हॉस्पिटलचा मंजूर नकाशा आणि वापर परवानगी माहितीच्या अधिकारात मागवावी. गुजरातेत अर्जाला वीस रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकाशात किती गाड्यांची जागा आहे आणि प्रत्यक्षात किती उरली, याचा तक्ता करून खंडेराव मार्केटला कमिशनरसाहेबांच्या टेबलावर ठेवावा. अर्ज लिहायला मी तयार आहे, वीस रुपयेही मीच भरीन.

दुसरी, हॉस्पिटलच्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांच्या गाड्या दिवसा गल्लीत नकोत. त्यांची सोय हॉस्पिटलने आपल्या खर्चाने करावी, तळघरात करावी किंवा दुसरीकडे जागा घेऊन करावी.

तिसरी, एकच बाजू. गल्लीची एक बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. दिल्लीने २०१९ मध्ये पार्किंगचे नियम केले, त्यात एकेका परिसराचा आराखडा करताना अ‍ॅम्ब्युलन्स आणि बंबाची वाट मोकळी ठेवण्याचा विचार आहे. आपल्याला तेवढेही जमू नये? यात आपल्याही काही जागा जातील. माझीही जाईल. माझी ओमनी मी एका स्नेह्याच्या सोसायटीत भाड्याने ठेवायला सुरुवात केली आहे. सकाळी वीस मिनिटे चालावे लागते, साखर कमी झाली.

चौथी, परमिट द्या, पण रात्रीचे आणि दाम घेऊन. रात्री नऊ ते सकाळी आठ रहिवाशांचा पहिला हक्क. घरामागे एक परमिट माफक दरात, दुसऱ्या गाडीला चांगला चढा दर, आणि महिनोन्‌महिने न हललेल्या गाडीला परमिटच नाही. जमा झालेला पैसा त्याच गल्लीच्या दिव्यांवर आणि गटारांवर खर्च व्हावा. त्याचा हिशोब वर्षातून एकदा बोर्डावर लावावा. हिशोब तपासायला आपल्यात निवृत्त अकाउंटंट कमी नाहीत.

पाचवी, दिवसा वेळेचे बंधन सगळ्यांना सारखे. पेशंट उतरवायला आणि तपासणीला दोन तास पुरतात. ज्यांचा माणूस दाखल आहे त्यांना हॉस्पिटलने तळघरातली जागा द्यावी. ते जमेपर्यंत पास द्यावा आणि त्या पासाचे पैसे हॉस्पिटलने कॉर्पोरेशनकडे भरावेत, पेशंटच्या बिलात लावू नयेत.

शेवटचे दोन शब्द

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, डॉक्टरसाहेब आपल्या गणेशोत्सवाला दरवर्षी देणगी देतात, आरोग्य शिबिर घेतात, या पत्रिकेच्या मागल्या पानावर त्यांची जाहिरात असते. देतात, आणि त्याबद्दल मंडळाने त्यांचे आभार मानावेत, मानतोच. पण देणगीची पावती आणि तळघराची पावती या दोन वेगळ्या पुस्तकांतल्या पावत्या आहेत. एकीवर दुसरी फाडता येत नाही. संपादकांनी हा लेख छापला तर ते त्या मागल्या पानालाही समजून सांगतील अशी आशा आहे. डॉक्टरसाहेब सुज्ञ आहेत. आपण नीट विचारले तर कदाचित तेच पुढाकार घेतील. पण विचारायला तर हवे! आजपर्यंत आपण फक्त ईकोवाल्याला विचारत आलो आहोत, कारण तो उलट बोलत नाही.

पुढच्या बैठकीत मी ठरावाला दुरुस्ती सुचवणार आहे. 'रहिवाशांना मोफत परमिट द्यावे आणि बाहेरच्या गाड्यांना चोवीस तास सक्त मनाई करावी' हे शब्द काढून तिथे 'सर्व हॉस्पिटलांची मंजूर पार्किंग-जागा आधी मोकळी करून घ्यावी, त्यानंतर सशुल्क रात्र-परमिट द्यावे' असे घालावे. अनुमोदक लागेल. अप्पा, मी तुमच्याकडेच येणार आहे. येताना चावी घेऊन येतो म्हणा, कव्हर काढायला मी आणि तीच दोन मुले मदत करू. बॅटरी उतरली असेल तर धक्काही मारू.

आई आता गॅलरीत बसून गल्लीकडे बघत असते. परवा एक अ‍ॅम्ब्युलन्स तोंडाशी येऊन थांबली, भोंगा वाजत राहिला. आई मला म्हणाली, "अरे, खुर्ची ने खाली." मी नेली. ज्यांच्यासाठी नेली ते कुठल्या गावचे होते, मी विचारले नाही. आपणही विचारू नये, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

— आपलाच एक सभासद, दांडिया बाजार परिसर